लेसोथोला निघालात? आधी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा बघा!

नमस्कार मंडळी! "लेसोथोवर कधी बोलणार?" हा प्रश्न तुम्ही काही सोडत नाही. घ्या, आज तेच.

ओळख पटकन उरकतो. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका, राजधानी मासेरू, 1966 मध्ये ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य, गादीवर आजही राजा. आणि "ते दक्षिण आफ्रिकेचंच एक राज्य आहे" असं ठोकून देणाऱ्या दादांनो, नकाशा उघडा हो एकदा!

आता खरी मेख. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच काढा. लेसोथोत शिरलात म्हणजे दक्षिण आफ्रिका सोडलीत. "पण मी तासाभरातच परत येणार." या की, पण शिक्का बसला तो बसला, आणि सिंगल एन्ट्री संपली. "माझे व्हिसाचे दिवस शिल्लक आहेत." असू देत, दिवस शिल्लक आहेत, एन्ट्री नाही! "मी लेसोथो करून केपटाउनला जाणार." म्हणजे पुन्हा आत शिरणार, म्हणजे दुसरी एन्ट्री. आमच्या ओळखीतल्या एका काकांना एजंट म्हणाला, "तो देश आतच आहे, काही लागत नाही." काका सीमेवरच्या खिडकीपाशी फाइल उघडून उभे, मागे ट्रकवाल्यांची रांग. शेवटी अलीकडूनच डोंगर बघून परतले. लेसोथोचा स्वतःचा व्हिसा हा वेगळा विषय, त्याचे नियम निघण्याआधी तपासा.

स्वेटर न्या. या देशातली सगळ्यात खालची जागाच 1400 मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंच. जून ते ऑगस्ट तिकडचा हिवाळा, डोंगरात बर्फ पडतो. माणसं घोड्यावर, अंगावर जाड लोकरीचं ब्लँकेट, पुढून भल्या मोठ्या पिनेनं अडकवलेलं. फोटो काढायचाय? आधी विचारा, मग मोबाइल काढा.

सेमोनकाँगजवळचा मालेत्सुन्याने धबधबा चुकवू नका, 192 मीटर थेट खाली! सानी पास या डोंगरी घाटात दक्षिण आफ्रिकेकडून चढणार असाल तर फोर बाय फोरच हवी, साधी गाडी नेऊन हुशारी नको.

शाकाहारी मंडळी, 'पापा' म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा आणि सोबत 'मोरोहो', बारीक चिरलेली पालेभाजी. पोट भरतं.

पैशांचं सोपं आहे. लेसोथोचं चलन लोटी, दक्षिण आफ्रिकेचं रँड; एक लोटी म्हणजे एक रँड, आणि रँड लेसोथोत सर्रास चालतो. उलटं मात्र नाही. सुटे लोटीत मिळतात, ते लेसोथो सोडण्याआधीच खर्चून टाका.