बिनहुकमाची खुर्ची

(दृश्य : हवेतून दिसणारं पेंटागॉन, अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं मुख्यालय. पाच बाजू, एकात एक पाच कडी.)

या इमारतीत सगळ्यात बाहेरच्या कड्याला 'ई रिंग' म्हणतात. बड्या अधिकाऱ्यांच्या खोल्या बहुतेक तिथेच. आपण ज्या कार्यालयात शिरणार आहोत, त्याच्या प्रमुखाचं पद लांबलचक आहे : हिंद-प्रशांत सुरक्षेसाठीचा असिस्टंट सेक्रेटरी ऑफ डिफेन्स. मराठी वर्तमानपत्रं त्याचं 'सहायक संरक्षणमंत्री' करून मोकळी होतात आणि तिथेच गफलत होते. हा माणूस आपल्या अर्थानं मंत्री नाही, आणि सेनापती तर नाहीच. एखाद्या गस्ती नौकेलासुद्धा तो 'वळ' म्हणून सांगू शकत नाही.

१९८६च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्यानं हुकमाची वाट आखून दिली आहे. राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि तिथून थेट विभागीय कमांडर. आशियाच्या बाबतीत हा कमांडर बसतो हवाईमधल्या कॅम्प स्मिथला. आपण शिरलो ते कार्यालय धोरणाचं, ते या वाटेवर कुठेच येत नाही. ते बाजूला उभं राहून संरक्षणमंत्र्यांच्या हातात कागद देतं. कोणत्या देशाशी काय बोलायचं, कशावर सही करायची, कशाला नकार द्यायचा आणि तो नकार कोणत्या शब्दांत द्यायचा, हे त्या कागदावर असतं.

(दृश्य : भिंतीवर तीन घड्याळं.)

वॉशिंग्टनमध्ये दुपारचा एक वाजतो, तेव्हा हवाईत सकाळचे सात किंवा आठ आणि दिल्लीत रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. तिन्ही ठिकाणची माणसं एकाच वेळी खुर्चीवर सापडतील असा तासच दिवसात नाही. मसुद्यातला एक शब्द बदलायचा, तरी एक रात्र जाते.

या कार्यालयाचं मूळ सापडतं 'इंटरनॅशनल सिक्युरिटी अफेअर्स' नावाच्या जुन्या विभागात. शीतयुद्धाच्या काळात त्याला पेंटागॉनचं 'छोटं परराष्ट्र खातं' म्हणत. मे १९६४ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून शस्त्रं मागायला अमेरिकेला गेले, तेव्हा सगळ्या आशियाचा कारभार या एकाच विभागाकडे होता. चव्हाणांना एफ-१०४ विमानं हवी होती. भारताला ती परवडणार नाहीत, असा तिथला सूर होता, आणि विमानं मिळाली नाहीत. नेहरू गेल्याची बातमी चव्हाणांना त्याच दौऱ्यात, अमेरिकेत असतानाच कळली. मिग-२१चा करार रशियनांशी १९६२मध्येच झाला होता. त्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला, तोही १९६४चाच.

त्याच वर्षी या विभागाच्या प्रमुखपदी जॉन मॅकनॉटन आले. त्यांचं २४ मार्च १९६५चं एक टिपण पुढे १९७१मध्ये फुटलं. व्हिएतनाममध्ये अमेरिका कशासाठी आहे, याची त्यांनी चक्क टक्केवारी मांडली होती. अपमानास्पद पराभव टाळण्यासाठी ७० टक्के. दक्षिण व्हिएतनाम चीनच्या हाती पडू नये म्हणून २० टक्के. आणि तिथल्या लोकांना अधिक चांगलं, मोकळं जगता यावं यासाठी १० टक्के. जाहीर भाषणांत हा क्रम बरोबर उलटा ऐकू यायचा. आत लिहिलेला आणि बाहेर बोललेला कागद यांत किती अंतर असू शकतं, हे पाहायला याहून चांगला नमुना सापडणं कठीण.

आशिया वेगळा काढला तो २००७च्या फेररचनेत. त्या पदावरचे पहिले प्रमुख जेम्स शिन. २०१८मध्ये पॅसिफिक कमांडचं नाव इंडो-पॅसिफिक कमांड झालं आणि या कार्यालयाची पाटीही त्याच सुमारास बदलली. २०१९मध्ये चीनसाठी स्वतंत्र उपप्रमुख नेमला गेला.

(दृश्य : नकाशा. भारत-पाकिस्तान सीमेवरून जाणारी जाड रेघ.)

ही रेघ पाहून ठेवा. लष्करी कमांडच्या नकाशात भारत हवाईकडे आणि पाकिस्तान फ्लोरिडातल्या सेंट्रल कमांडकडे. परराष्ट्र खात्यात मात्र दोघं एकाच दक्षिण व मध्य आशिया विभागात. २००७नंतरच्या रचनेत पेंटागॉनच्या धोरण कार्यालयातही पाकिस्तान आणि अफगाणिस्तानचं टेबल याच आशियाई छत्राखाली होतं. त्यामुळे पाकिस्तानला काही द्यायचं म्हटलं की दिल्ली काय म्हणेल, हा प्रश्न लष्करी बाजूला दोन कमांडच्या मधल्या फटीत पडायचा आणि धोरणाच्या बाजूला एकाच मजल्यावर भांडला जायचा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. टेबलावरच्या माणसाला 'कंट्री डायरेक्टर' म्हणतात. काही जण मुलकी नोकरीतले, तर काही त्या प्रदेशाची भाषा शिकलेले लष्करी अधिकारी. मंत्र्यांचा दौरा ठरला की हे टेबल 'रीड-अहेड' तयार करतं. समोरचा कोण, त्याला काय हवंय, आपल्याला काय हवंय, त्यानं अमुक विचारलं तर काय उत्तर द्यायचं. मुख्य मुद्दा पहिल्या ओळीत यावा लागतो. मंत्री हे विमानात वाचतात, कधी गाडीत, कधी वाचतच नाहीत.

पण मंत्र्यांपर्यंत पोचण्याआधी त्या कागदाला फिरावं लागतं. जॉइंट स्टाफ म्हणजे सेनादलांच्या संयुक्त मुख्यालयाचा जे-५ हा नियोजन विभाग, कायदेशीर सल्लागार, खर्चाचा प्रश्न असेल तर कम्प्ट्रोलर, शस्त्रविक्री असेल तर डिफेन्स सिक्युरिटी को-ऑपरेशन एजन्सी. प्रत्येकाच्या संमतीला तिथल्या बोलीत 'चॉप' म्हणतात. शब्द मूळचा आपल्याकडचाच, 'छाप'. व्यापाऱ्यांच्या बोलीतून चीनच्या बंदरांपर्यंत गेला आणि तिथून इंग्रजीत. सगळ्यांची छाप पडली की कागद उपप्रमुखाकडे, मग असिस्टंट सेक्रेटरीकडे, मग धोरण विभागाच्या अंडर सेक्रेटरीकडे आणि शेवटी मंत्र्यांकडे जातो.

बिघडतं ते बहुधा इथेच. एका विभागानं 'नॉन-कन्कर', म्हणजे असहमती, लिहून पाठवली की कागद अडतो. दोन वाटा उरतात. आक्षेप मिटवायचा, नाहीतर मतभेद कागदावर तसाच नोंदवून वर पाठवायचा. दुसरी वाट धीराची. त्यामुळे बरेच जण पहिली घेतात आणि वाक्य इतकं घासतात की त्यातून काहीच अर्थ निघेनासा होतो. चांगला प्रमुख ओळखायचा तो यावरून. तो विचारतो, 'हा आक्षेप कायद्याचा आहे की सवयीचा?'

(दृश्य : २९ ऑगस्ट २०१६. पेंटागॉनमध्ये भारत आणि अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि अ‍ॅश्टन कार्टर.)

हा लेमोआ करार. एकमेकांच्या जहाजांना आणि विमानांना इंधन, पाणी, अन्न, सुटे भाग पुरवायचे आणि हिशेब नंतर चुकता करायचा. ऐकायला किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं. तरी बोलणी दहा वर्षांहून जास्त रखडली. अमेरिकेचा ठरीव मसुदा बऱ्याच देशांसाठी एकसारखा असतो. त्याची भाषा दिल्लीत 'तळ देणं' अशी वाचली गेली. तोडगा निघाला तो मसुदा भारतापुरता बदलून. नाव बदललं. बंदरभेटी, संयुक्त सराव, प्रशिक्षण आणि आपत्तीतली मदत हे चार प्रसंग नावानिशी लिहिले. बाकी प्रत्येक वेळी वेगळी परवानगी. तळ उभारण्याचा हक्क कुणालाही नाही.

एप्रिल २०१६मध्ये कार्टर आधी पर्रीकरांच्या गोव्यात उतरले, मग दिल्लीत 'तत्त्वतः मान्य' अशी घोषणा झाली. काही आठवड्यांत सही होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. लागले साडेचार महिने. 'तत्त्वतः'नंतरच खरं काम सुरू होतं, हे या कार्यालयात नवा आलेला माणूस पहिल्याच वर्षी शिकतो.

दोन वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ला कॉमकासा या सांकेतिक संपर्कयंत्रणेच्या करारावर सही झाली. तोवर भारतानं घेतलेल्या सी-१३०जे आणि पी-८आय विमानांत अमेरिकी लष्करी दर्जाची सांकेतिक संपर्कयंत्रणा नव्हती. बाजारात मिळणाऱ्या संचांवर काम चालत होतं. विमान कोट्यवधींचं आणि बोलणं साध्या संचावरून, अशी अवस्था.

शस्त्रविक्रीत या कार्यालयाचा शब्द वजनदार, पण शेवटचा नाही. कायद्यानं अधिकार परराष्ट्र खात्याचा. भारतासारख्या देशाला १ कोटी ४० लाख डॉलर किंवा त्याहून मोठी प्रमुख शस्त्रसामग्री द्यायची, तर काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, ३० दिवस आधी कळवावं लागतं. नाटो देश, जपान, ऑस्ट्रेलिया अशांसाठी मुदत १५ दिवसांची आणि रकमेची मर्यादाही वरची. भारतासाठीच्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनची सूचना १ फेब्रुवारी २०२४ला गेली, अंदाजे किंमत ३९९ कोटी डॉलर. कराराची तारीख १५ ऑक्टोबर. काँग्रेसची मुदत मार्चच्या सुरुवातीलाच संपली होती.

(दृश्य : फोनचा रिसीव्हर, जवळून.)

चीनच्या टेबलाकडे दोन कामं कायमची असतात. एक, चिनी लष्करावरचा वार्षिक अहवाल, तो काँग्रेसनं कायद्यानं बांधून दिलेला. २०२०च्या अहवालात चीनची अण्वस्त्रं दोनशेच्या थोडी वर होती, २०२४च्या अहवालात सहाशेच्या वर. दुसरं काम म्हणजे संवाद चालू ठेवणं, आणि हे फार अवघड. ४ फेब्रुवारी २०२३ला अमेरिकेनं आपल्या आकाशात शिरलेला चिनी फुगा पाडला. लगेच संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी बीजिंगला फोनची वेळ मागितली. नकार आला. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसी तैवानला गेल्यावर, चीननं संरक्षण धोरणाची बोलणी थांबवली होती. ती पुन्हा सुरू झाली थेट जानेवारी २०२४मध्ये. फोनची तार असते. पलीकडे उचलणारा लागतो.

राहिला प्रश्न खुर्चीचा. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेटची सशस्त्र दल समिती सुनावणी घेते, मग सिनेट मंजुरी देतं. यात महिनोन् महिने जातात. या खुर्चीवरचे रँडल श्रायव्हर डिसेंबर २०१९मध्ये पद सोडून गेले. एली रॅटनर आले जुलै २०२१मध्ये. मधला दीड वर्षाहून जास्त काळ कारभार डेव्हिड हेल्वी या मुरलेल्या अधिकाऱ्यानं सांभाळला. काम अडलं नाही. ऑक्टोबर २०२०मधला बेका हा नकाशे आणि भूस्थानिक माहिती देण्याघेण्याचा करार याच काळातला. पण हंगामी माणसाची अडचण वेगळी असते. दुसऱ्या विभागानं 'नॉन-कन्कर' पाठवलं की त्याला टेबलावर मूठ आपटता येत नाही. समोरच्याला ठाऊक असतं, हा उद्या इथे नसेल.

(दृश्य : ३१ ऑक्टोबर २०२५, क्वालालंपूर.)

राजनाथ सिंह आणि अमेरिकेचे पीट हेगसेथ दहा वर्षांच्या संरक्षण चौकटीवर सही करतात. अशी पहिली चौकट जून २००५ची, मुखर्जी आणि रम्सफेल्ड यांची. दुसरी जून २०१५ची, पर्रीकर आणि कार्टर यांची. तिसरी जवळजवळ पाच महिने उशिरा.