दोन लुगडी, चोवीस लंगोट

(दृश्य : पत्र्याची पेटी उघडते. घडी घातलेलं सुती लुगडं बाहेर येतं.)

बाळाच्या लंगोटांचं निम्मं सामान या पेटीत आधीच पडून आहे. लुगडं जितकं जुनं तितकं बरं. कोऱ्या कापडात खळ असते, कापसाचा मूळचा मेणचटपणा असतो, त्यामुळे ते पाणी लवकर धरत नाही. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं मात्र थेंब पडला की पितं, आणि लेकराच्या कातडीला टोचतही नाही. अट एकच, कापड निव्वळ सुती हवं. शंका असेल तर एक धागा ओढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागं मऊ राख राहते. टेरिकॉटचा धागा आकसून त्याची कडक गुठळी होते. गुठळी झाली तर ते लुगडं वाकळीला ठेवा.

(दृश्य : अंगणात सतरंजी. फीत, खडू, कात्री. वरून घेतलेला शॉट.)

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर. पदर काढला, दोन्ही काठ कापले, की मधे साधारण एक मीटर रुंद आणि सव्वासात मीटर लांब कापड उरतं. त्यात 50 सेंटिमीटरचे 28 चौकोन बसतात. एकेक चौकोन उजेडाकडे धरा. बसण्याच्या जागी लुगडं विरलेलं असतं, तिथले चार तुकडे बाजूला काढा. राहिले 24. दोन-दोन एकावर एक ठेवून शिवले की 12 लंगोट. दुसऱ्या लुगड्यातून आणखी 12.

काठ फेकू नका. नाडीला त्याच्याइतकं टिकाऊ काही सापडत नाही.

(दृश्य : पायमशीन. सुई काठाच्या पट्टीवरून धावते. खूप जवळून.)

दोन चौकोन उलट्या बाजूनं शिवायचे, चार बोटं जागा सोडून सुलटे करायचे, आणि मग कडेनं एक टीप मारायची. शिवण आत गेली की मांडीला घासत नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना काठाची 20-20 सेंटिमीटरची नाडी. चार पदर एकत्र शिवून जाड लंगोट करायचा मोह होतो. तो टाळा. जाड लंगोट पावसाळ्यात मधून वाळत नाही, आणि न वाळलेल्या लंगोटाला वास धरतो. दोन पदरांचा चौकोन नाड्यांच्या कोपऱ्यांवर दुमडला की आपोआप चार पदरांचा त्रिकोण होतो, धुताना उलगडला की परत दोनच. सगळी गंमत या घडीत आहे.

(दृश्य : सतरंजीवर त्रिकोण. त्यावर बाळाला ठेवणारे हात.)

लांब बाजू कमरेखाली. खालचं टोक दोन पायांमधून पोटावर. दोन्ही नाड्या पुढं आणून गाठ एका कुशीला, पोटावर नाही. नाडीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. नाळ पडली नसेल तर वरची कड एकदा दुमडून नाभीच्या खाली घ्या, म्हणजे नाळ ओली राहत नाही. पाय सरळ करून घट्ट गुंडाळायची चाल अजून आहे. ती सोडलेली बरी, बाळाच्या खुब्याच्या सांध्याला गुडघे दुमडलेले आणि मोकळे असलेलेच मानवतात.

24 का? पहिल्या महिन्यात दिवसाला दहा-बारा लंगोट ओले होतात. एक फेरी अंगावर, एक दोरीवर. पावसाळ्यात 12 जास्त लागतात. बाळ पाच-सहा किलोचं झालं की 50 सेंटिमीटर अपुरं पडतं. मग 70 सेंटिमीटरचे चौकोन मांजरपाटाचे, किंवा आजोबांच्या धोतराचे. मांजरपाट कोरा वापरू नका. गरम पाण्यात चार-पाच वेळा धुवून काढा, त्याशिवाय तो पाणी शोषत नाही आणि दोष लंगोटावर येतो.

रात्रीसाठी जुन्या टर्किश टॉवेलच्या 12 बाय 30 सेंटिमीटरच्या पट्ट्या. लंगोटाच्या आत एक पट्टी सुटी ठेवायची. खाली बाळुतं, त्याखाली मीटरभर मेणकापड. लंगोटावर प्लास्टिकची चड्डी घालू नका. आतली वाफ बाहेर पडत नाही आणि सकाळपर्यंत लाल चट्टे उठतात. हात थोडा सैल असेल तर वॉटरप्रूफ कापडाची दोन कव्हरं घ्या. ती हवा जाऊ देतात, आणि शी लागली नसेल तर प्रत्येक वेळी धुवावी लागत नाहीत. कव्हरं सोडून शिलाई, दोरा, मेणकापड, झाकणाच्या दोन बादल्या मिळून 500 रुपयांच्या आसपास भागतं.

(दृश्य : किराणा दुकान. शाम्पूच्या पुड्यांशेजारी डायपरची लडी.)

हा एक नग साधारण 10 रुपयांना. दिवसाला सहा धरले तरी महिन्याला 1800 रुपये. आत पाणी प्यायलं की जेली होणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे, बाहेर प्लास्टिकचा पापुद्रा. घनकचरा नियमांप्रमाणे वापरलेला डायपर नीट गुंडाळून द्यायचा असतो.

(दृश्य : गावाबाहेरचा उकिरडा. निवेदन नाही. 6 सेकंद.)

(दृश्य : टँकरभोवती हंडे, कळशा, ड्रम.)

आता पाणी. लंगोट बहुतेक घरांत याच टप्प्यावर सुटतात. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथं धुण्याचा हिशेब हंड्यांतच करावा लागतो. दिवसाच्या धुण्याला साधारण 30 लिटर, म्हणजे 15 लिटरचे दोन हंडे. पण तेवढ्यात बसवायचं तर क्रम पाळावा लागतो.

(दृश्य : धुण्याचा दगड. दोन बादल्या. वरची सावली हलते.)

शी आधी झटकून संडासात टाका. काल जपून ठेवलेल्या शेवटच्या खळबळीच्या पाण्यातून पाच लिटर पाण्यानं तेवढे लंगोट धुवा आणि ते पाणीही संडासातच ओता, भाजीच्या आळ्यात नको. फक्त शू केलेले लंगोट झाकणाच्या कोरड्या बादलीत जमवायचे. दिवसभर पाण्यात भिजत ठेवले की अमोनियाचा उग्र वास सुटतो, शिवाय रांगत्या लेकरासाठी भरलेली बादली जीवघेणी ठरू शकते. मग दहा लिटर गरम पाणी, दोन मोठे चमचे पावडर, एक छोटा चमचा धुण्याचा सोडा. अर्धा तास भिजवणं, चोळणं, पिळणं. पुढे दहा-दहा लिटरच्या दोन खळबळी. दुसऱ्या खळबळीचं पाणी झाकून ठेवा. उद्याची सुरुवात त्यानंच.

(दृश्य : स्टीलच्या तपेल्याच्या बुडाला पांढरा थर. नखानं खरवडलं जातं.)

हा थर लंगोटावरही बसतो, फक्त दिसत नाही. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. साबणाच्या वडीशी त्यांचा संयोग झाला की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो आणि सुताच्या धाग्यावर लपेटून बसतो. लंगोट धुतल्यासारखा दिसतो, पण पाणी पीत नाही. घरचे म्हणतात कापड खराब निघालं. म्हणून जड पाण्यात वडी नको, पावडर घ्या. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वाचवायच्या नादात लंगोटाला वापरू नका, त्यात क्षार आणखी दाट असतात. कपडे मऊ करणारं लिक्विडही नको, त्याचाही थरच बसतो.

(दृश्य : वाळलेला लंगोट. ड्रॉपरमधून एक थेंब. कॅमेरा स्थिर.)

थेंब मोत्यासारखा वर राहिला. पाच सेकंद, सात सेकंद. हा लंगोट बुजला आहे. टाकून द्यायची गरज नाही. दहा लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. हातमोजे घालून, नाही तर काठीनं ढवळा. पाच-सहा तास भिजवा आणि खळबळा, फेस थांबेपर्यंत. या कामासाठी पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या पावसात पत्रा धुवून जाऊ द्या, मग ड्रम लावा.

(दृश्य : त्याच लंगोटावर पुन्हा थेंब. या वेळी लगेच मुरतो.)

चट्टे उठले तर आधी धुणं तपासा, पावडर कपड्यात राहिली असावी. ढुंगण थोडा वेळ उघडं ठेवा. टाल्कम पावडर टाळा, ती बाळाच्या श्वासात जाते. खोबरेल तेल लावायचं तर बोटाच्या टोकाएवढं, आणि आत जुन्या मलमलीची पट्टी घाला. तेल लंगोटावर गेलं की तोही बुजतो. जांघेच्या घड्यांत लाली आणि भोवती बारीक लाल ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. तिथं घरगुती उपाय नको, दवाखाना गाठा.

(दृश्य : उन्हात दोरीवर लंगोटांची रांग. वारा.)

मे महिन्यात तासाभरात वाळतात. पण जड पाण्यामुळे पापडासारखे कडक होतात. दोरीवर टाकायच्या आधी दोनदा झटका, आणि काढल्यावर हातावर चोळा. शीचे पिवळे डाग साबणापेक्षा ऊन जास्त लवकर घालवतं. श्रावणात शेगडीवर डालगं पालथं घालून लंगोट वाळवतात. खोली बंद असेल तर तो धूर आणि निखाऱ्याचा वायू बाळाला घातक. त्यापेक्षा पंख्याखाली दोरी बांधा, आणि किंचित दमट राहिले तर गरम इस्त्री फिरवा. प्रवासाला डायपर घेतला तर काही बिघडत नाही.

एवढं सगळं बाळंतिणीच्या एकटीच्या हातावर टाकू नये. पिळायला ताकद लागते, घरातल्या पुरुषांनी पिळावं.

(दृश्य : संध्याकाळ. दोरीवरून एकेक लंगोट काढला जातो. शेवटी नाड्याच हलताना दिसतात, जुन्या काठाच्या. पडदा काळा.)