नोंद आहे, पण पेशंट आला होता का?

मिरज स्टेशन. गाडीतून उतरलेली निम्मी माणसं रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन दवाखान्यांच्या दिशेने निघतात. जत, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडून अथणी, विजापूर. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथं रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून ही रीघ आहे.

पूर्वी हातात पिवळा पडलेला केसपेपर असायचा. २०१९च्या महापुरात सांगलीत असल्या कागदांचा लगदा झाला. आता नोंद कॉम्प्युटरवर. पाण्याची भीती कमी झाली, पण कोर्टातला प्रश्न तसाच राहिला.

समजा, अपघाताच्या भरपाईचा दावा आहे. विमा कंपनीचा वकील विचारतो, "बारा तारखेला हा इसम ओपीडीत आला होता, कशावरून?" दावेदार प्रिंटआऊट पुढे करतो. तारीख, वेळ, डॉक्टरांचं नाव, सगळं आहे.

पण ही वेळ कसली? बहुतेकदा बटण दाबल्याची. डॉक्टर दुपारी तपासतात, नोंदी रात्री होतात. कधी दुसऱ्या दिवशी, मागची तारीख टाकून. काउंटरवर नाव लावून पेशंट कंटाळून निघून गेला, तरी नोंदणी राहतेच. मागच्या भेटीचा मजकूर जसाच्या तसा पुढे चिकटवला जातो. अख्खा स्टाफ एकच पासवर्ड वापरत असेल, तर लिहिलं कोणी हेही कळत नाही. आणि पाटील आडनावाचे चार पेशंट एका दिवशी आले, की कुणाची भेट कुणाच्या खात्यावर पडेल, सांगता येत नाही!

१ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, लागू आहे. त्यातल्या कलम ६३प्रमाणे अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, द्यावी लागते. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्र होतंच. ते बंधनकारक आहे, असं २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठामपणे सांगितलं, ते आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात. तिथेही वाद होता उमेदवारी अर्ज किती वाजता आला याचाच. पण या प्रमाणपत्राने प्रत अस्सल ठरते. आतला मजकूर खरा, असं ते म्हणत नाही.

म्हणून जाणता वकील प्रिंटआऊटवर थांबत नाही. तो ऑडिट ट्रेल मागतो: कोणत्या लॉगिनवरून, कधी लिहिलं, नंतर काय बदललं. शिवाय जोडीला लॅबच्या नमुन्याचा बारकोड, मेडिकलचं बिल, यूपीआयचा व्यवहार. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या वेळा जुळल्या, तर भेट झाली हे मानायला जागा आहे. एकट्या नोंदीवर मी तरी विसंबणार नाही.

रेकॉर्ड मागितलं, तर ७२ तासांत द्यावं, असं डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारनियमांत आहे. मात्र तीन वर्षं जपायचं बंधन तिथे आंतररुग्णांच्या (दाखल झालेल्या पेशंटच्या) कागदपत्रांपुरतं आहे. ओपीडीचा उल्लेखच नाही. त्यात दाव्याची तारीख लागेपर्यंत दवाखान्याने सॉफ्टवेअर बदललेलं असतं. जुन्या नोंदी नव्यात येतात, त्यांच्यातल्या फेरफारांचा इतिहास येईलच असं नाही.