कांजिण्या: खपली धरेपर्यंत

या चित्रफितीतल्या मुलाच्या छातीवरचा हा ठिपका सकाळी डास चावल्यासारखा दिसत होता. आता दुपार झालीय आणि त्यात पाणी भरलंय. फोडाची साल इतकी पातळ, की सदरा घासला तरी फुटेल. शेजारी बघा, नवा ठिपका उठतोय. एक-दोन दिवसांत पहिल्या फोडातलं पाणी गढूळ होईल, मधे खळगा पडेल, खपली धरेल. तोवर पाठीवर, पोटावर, केसांत नवी खेप आलेली असेल. लाल ठिपका, पाण्याचा फोड, खपली, तिन्ही एकाच अंगावर एकदमच दिसले, की डॉक्टरांना फार तपासावं लागत नाही.

विषाणू अंगात शिरला तो 10 ते 21 दिवसांपूर्वी. वर्गात, रिक्षात, की कुणाच्या लग्नात, ते आता कळायचं नाही. पहिला फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो श्वासातून, खोकल्यातून इतरांकडे जायला लागतो.

दारावर कडुलिंबाचा डहाळा. गादीवर पाला. आजी म्हणतात, "बाई आल्यात घरात, पोराला पाणी लावू नका."

हा धाक देवी या रोगाच्या (स्मॉलपॉक्सच्या) साथींनी घातलेला. त्या रोगाने घरंच्या घरं रिकामी केली. भारतातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा, पण देवीच्या रुग्णासाठी पाळायचं पथ्य कांजिण्यांच्या मुलाला अजून चुकलेलं नाही. वेगळी खोली, हलकं जेवण, सारखं लक्ष, हे आजींचं सगळं योग्यच आहे. अंघोळ मात्र बंद करू नका. घाम साचतो, खाज वाढते आणि मूल रात्रभर तळमळतं.

म्हणून ही अंघोळ आम्ही न कापता दाखवतोय. पाणी कोमट. साबण सौम्य, आणि तोही हातानेच, घासणी नाही. फोड फुटणार नाहीत इतक्या हलक्या हाताने पंच्याने अंग नुसतं टिपायचं. मग कापसाच्या बोळ्याने एकेका फोडावर खाज कमी करणारं गुलाबी कॅलामाइन लोशन. नखं आईने बारीक कापलीत, झोपेत खाजवलं जाऊ नये म्हणून हातांत सुती मोजे घातलेत. खाजवलेल्या फोडात पू होऊ शकतो आणि व्रण कायमचा राहू शकतो.

तोंडातही फोड आहेत, तिखट सोसत नाही. वाटीत गार दहीभात.

तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजन बघून सांगितलं तेवढंच. ॲस्पिरिन अजिबात नाही, त्याने मुलांच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. आयब्युप्रोफेनही टाळायचं.

मोठी माणसं, गरोदर बायका, तान्ही बाळं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांना हा आजार जड जातो, न्यूमोनियाही होऊ शकतो. त्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बरं झाल्यावरही विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो, पुढे नागीण होऊन उठू शकतो. दोन डोसांची लस आहे, पण सरकारी राष्ट्रीय लसीकरणात ती अजून नाही, बालरोगतज्ज्ञांकडे विचारा.

शाळेत कधी पाठवायचं? नवा फोड येणं थांबलं आणि सगळ्या फोडांवर खपली धरली, की मगच. बहुतेक मुलांना आठवडाभर लागतो. आज आई टॉर्च घेऊन पाठ, बगला, कानांमागे तपासतेय. कमरेजवळचा एक फोड अजून ओला आहे. म्हणजे उद्याही शाळा नाही.