३१ तारखेची नाइट: ब्रिटनमध्ये नर्सचा पिन लॅप्स होतो तेव्हा

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. भिंतीवरचं घड्याळ. औषधांची ट्रॉली ढकलत नेणारे हात.]

निवेदन:
३१ ऑक्टोबर. नाइट ड्युटी संध्याकाळी सुरू झाली, ती उद्या सकाळी संपेल. ही नर्स ड्युटीवर आली तेव्हा रजिस्टर्ड होती. घड्याळात बारा वाजून गेले की ती रजिस्टर्ड राहणार नाही. पेशंट तेच, किल्ल्या तिच्याच खिशात, सहा वाजताची इंजेक्शनंही तिनंच द्यायची आहेत. तिला यातलं काहीच माहीत नाही. वॉर्डमध्येही कोणाला माहीत नाही.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या रजिस्टरवर नाव चालू असावं लागतं. (आपल्याकडचं डॉक्टरांचं एनएमसी वेगळं.) परदेशात शिकून या रजिस्टरवर आलेल्यांत आज सर्वाधिक नर्सेस भारतीय आहेत, त्यात महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून गेलेल्या मुलीमुलंही आली. वॉर्डमध्ये रजिस्ट्रेशन असं लांबलचक कोणी म्हणत नाही. म्हणतात ‘पिन’. पिनचा आकडा जन्मभर तोच राहतो आणि त्यामुळेच गफलत होते. पिन पाठ असतो, बिल्ला गळ्यात असतो, तेव्हा तो चालूच असणार असं माणूस धरून चालतो.

[दृश्य: लॅपटॉपवर रजिस्टर शोधण्याचं पान. पिनचे रकाने भरले जातात.]

निवेदन:
पिन बंद पडायच्या वाटा दोन. एक पैशाची, दुसरी कागदाची.

पैशाची वाट जास्त फसवी. रजिस्टरवर राहण्याची फी दरवर्षी भरावी लागते. २०१५ साली ती १२० पौंड झाली. रिव्हॅलिडेशन, म्हणजे काम आणि शिक्षण दाखवून रजिस्ट्रेशन पुढे चालू ठेवणं, तीन वर्षांनी येतं, म्हणून पुष्कळांच्या डोक्यात ‘तीन वर्षं निवांत’ असं बसलेलं असतं. मधल्या दोन वर्षांची फी चुकली तरी पिन तसाच बंद पडतो.

भारतातून आलेल्या नर्सच्या बाबतीत हे घडतं कसं, ते नीट पाहण्यासारखं आहे. पहिलं रजिस्ट्रेशन होताना १५३ पौंड कार्डानं भरलेले असतात. तेव्हा ब्रिटनमधलं बँक खातं नवं असतं, किंवा उघडलेलंच नसतं, त्यामुळे डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून फी आपोआप जाण्याची सोय, लावायचा राहून जातो. एनएमसीच्या ऑनलाइन खात्याला जोडलेला ईमेल भारतातून अर्ज करतानाचा असतो. तो कधी एजंटनं उघडून दिलेला, कधी नंतर कोणी उघडूनही न पाहिलेला. पत्ता हॉस्पिटलच्या हॉस्टेलचा, आणि हॉस्टेल तर सहा महिन्यांत सुटलेलं. वर्षानं फीची आठवण येते ती त्या ईमेलवर आणि त्या पत्त्यावर. एनएमसीनं कळवलेलं असतं, नर्सपर्यंत पोचलेलं नसतं.

डायरेक्ट डेबिट लावलेला असला तरी सुटका नाही. बँक बदलली, खात्यात त्या दिवशी पैसे कमी पडले, जुनं खातं बंद करताना डेबिट नव्या खात्यावर आलाच नाही, यांपैकी काहीही पुरतं. तिमाही हप्ते लावले असतील तर वर्षातून चार वेळा ही परीक्षा. तेव्हा एवढं करायचं: हप्ता जायच्या महिन्यात बँकेचं स्टेटमेंट उघडून एनएमसीच्या नावानं पैसे गेल्याची ओळ डोळ्यांनी पाहायची. ‘लावलाय की डेबिट’ या भरवशावर राहू नये.

[दृश्य: कॅलेंडर. २ ऑगस्ट, १ ऑक्टोबर आणि ३१ ऑक्टोबर या तारखांभोवती पेनानं गोल.]

निवेदन:
दुसरी वाट रिव्हॅलिडेशनची. हे २०१६ पासून सुरू झालं. तीन वर्षांत ४५० तास नर्स म्हणून काम आणि ३५ तासांचं शिक्षण हवं. त्यातले निदान २० तास इतरांबरोबर बसून शिकलेले असावेत. कामाबद्दल पाच अभिप्राय, अनुभवावर लिहिलेली पाच चिंतनं, त्यांवर दुसऱ्या रजिस्टर्ड नर्सशी चर्चा, आणि शेवटी हे सगळं तपासून दुजोरा देणारा कन्फर्मर. शक्यतो आपला मॅनेजर. आग विझवण्याचं वार्षिक ट्रेनिंग ३५ तासांत धरू नये. ज्याचा आपल्या नर्सिंगच्या कामाशी थेट संबंध नाही, असं सक्तीचं ट्रेनिंग चालत नाही. चिंतनात पेशंटचं नाव, बेड नंबर, ओळख पटेल असं काहीही नको.

एवढं सगळं जमतं आणि पिन तरीही जातो, तो तारखेपायी. रजिस्ट्रेशन ३१ ऑक्टोबरला संपत असेल तर अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर नाही, १ ऑक्टोबर आहे. अर्जाची खिडकी त्याआधी ६० दिवस, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला उघडते. ऑगस्टमध्ये मॅनेजर सुट्टीवर, सप्टेंबरमध्ये कन्फर्मरची नोकरी बदललेली, अर्जात भरायचा त्यांचा पिन आणि ईमेल हाताशी नाही, असं करता करता ऑक्टोबर उजाडतो. कन्फर्मरशी बोलणं जुलैत उरकून घ्यावं. आणि अर्ज गेला म्हणजे फीही गेली असं नाही. रिव्हॅलिडेशन झालं, फी बाकी राहिली, तरी पिन लॅप्स होतो.

आजारपण किंवा बाळंतपणामुळे तारीख गाठता येणार नसेल तर एनएमसीला आधी कळवून मुदत मागता येते. आधी, हे महत्त्वाचं. तारीख उलटल्यावरचा मार्ग एकच, नव्यानं रजिस्टरवर येण्याचा अर्ज. त्याला रीॲडमिशन म्हणतात.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर रजिस्टरचं पान. शोधाचं बटण दाबलं जातं.]

निवेदन:
कळतं कसं? कधी एचआरचा फोन येतो, कारण बहुतेक एनएचएस ट्रस्ट, म्हणजे सरकारी हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्था, कर्मचाऱ्यांचे पिन एनएमसीच्या नोंदींशी ताडून पाहतात. कधी बँक शिफ्ट, म्हणजे हॉस्पिटलच्या राखीव स्टाफमधून घ्यायची जादाची शिफ्ट, बुक होत नाही. केअर होममध्ये तपासणी हातानं होते, तिथं आठवडेही निघून जातात. कानावर आलं की पहिलं काम स्वतः खात्री करण्याचं. एनएमसीचं रजिस्टर सगळ्यांना खुलं आहे. नावानं शोधलं तर लग्नाआधीचं आडनाव, मधलं वडिलांचं नाव, इंग्रजी स्पेलिंग यांत घोळ होतो, म्हणून पिन टाकून शोधावं. चालू नोंद असेल तर नाव, आरएन१ यासारखा नर्सचा वर्ग आणि मुदतीची तारीख दिसते. तशी नोंद दिसली नाही तर पडद्याचा फोटो घ्या, त्यावर वेळ येऊ द्या.

आणि हातातलं काम थांबवा. ‘एवढा राउंड संपवते, मग सांगते’ इथं चालत नाही. याला कारण आहे. ब्रिटनच्या कायद्यात, म्हणजे नर्सिंग अँड मिडवायफरी ऑर्डर २००१ च्या कलम ४४ मध्ये, फसवण्याच्या हेतूनं स्वतःला रजिस्टर्ड म्हणवणं हा गुन्हा आहे. कळायच्या आधी जे झालं त्यात हेतू नव्हता. कळल्यानंतर दिलेल्या पहिल्या गोळीपासून ते म्हणणं टिकवणं अवघड होत जातं.

थांबायचं म्हणजे वॉर्ड सोडून निघून जायचं असं नाही. नर्स इन चार्जला बाजूला घेऊन एका वाक्यात सांगा: माझं रजिस्ट्रेशन लॅप्स झालंय, आत्ता कळलं, माझे पेशंट घ्या. मग रीतसर हँडओव्हर. कोणाला शेवटचं औषध किती वाजता दिलं, कोणतं राहिलं, कोणाचा सलाइनचा पंप चालू आहे, हे सगळं. कंट्रोल्ड ड्रग्जच्या, म्हणजे मॉर्फीनसारख्या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या, कपाटाच्या किल्ल्या दुसऱ्या रजिस्टर्ड नर्सच्या हातात. रात्री वॉर्डवर दोनच रजिस्टर्ड नर्सेस असतील तर आता एकच उरली. तेव्हा साइट मॅनेजरला, म्हणजे त्या वेळी हॉस्पिटल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन लगेच गेला पाहिजे, कारण दुसऱ्या सहीसाठी आणि सुरक्षित स्टाफसाठी माणूस त्यांनाच पाठवावं लागेल. नंतर इन्सिडेंट रिपोर्ट स्वतः भरा, दुसऱ्यानं भरायची वाट पाहू नका.

[दृश्य: कंट्रोल्ड ड्रग्जचं रजिस्टर. तारीख, वेळ, पेशंट, डोस, दोन सह्या. बोट ओळीवरून खाली सरकतं.]

निवेदन:
आता मागचे दिवस. लॅप्स झाल्यापासून कळेपर्यंतच्या प्रत्येक शिफ्टची यादी काढावी लागते. तारीख, वॉर्ड, वेळ. बँक आणि एजन्सीच्या शिफ्टसुद्धा. मॅनेजर या यादीत तीन गोष्टी आधी शोधतात.

एक, कंट्रोल्ड ड्रग्जच्या नोंदीतल्या तिच्या सह्या.

दुसरी जास्त नाजूक: पेशंट ग्रुप डायरेक्शन. लसीकरणात किंवा मायनर इंजुरीमध्ये नर्स डॉक्टरच्या वेगळ्या प्रिस्क्रिप्शनशिवाय ठरलेलं औषध देते, ती मुभा या लेखी आदेशातून येते. कायद्यानं ही मुभा ठरावीक रजिस्टर्ड व्यावसायिकांनाच आहे. प्रिस्क्रिप्शनवरची गोळी दिली असेल तर निदान औषध डॉक्टरनं लिहिलेलं होतं. पेशंट ग्रुप डायरेक्शनखाली दिलेल्या लसीला मात्र नर्सच्या रजिस्ट्रेशनशिवाय कायदेशीर आधारच उरत नाही. लस बिघडत नाही, पेशंटला त्यानं अपाय होतो असंही नाही. पण ट्रस्टच्या फार्मसीला आणि गव्हर्नन्सच्या लोकांना त्या सगळ्या नोंदी पुन्हा पाहाव्या लागतात.

तिसरी, नर्स स्वतः प्रिस्क्राइबर, म्हणजे औषधं लिहून द्यायचा अधिकार असलेली, असेल तर त्या काळात तिनं लिहिलेली प्रिस्क्रिप्शनं. तो अधिकार रजिस्टरवरच्या नोंदीतूनच येतो.

काही मॅनेजर हे सगळं ऐकून घाबरतात आणि ‘फी भरून टाक, कोणाला बोलू नकोस’ असा सल्ला देतात. तो ऐकू नये. फी चुकणं ही कारकुनी बाब आहे, एनएमसीला ती रोजची आहे. रीॲडमिशनच्या अर्जात लॅप्स असताना काम केलं का, हे सांगावं लागतं. खरं सांगितलं तर प्रश्न तारखांचा राहतो. लपवलं आणि रोस्टरवरून उघडं पडलं तर तो अप्रामाणिकपणाचा होतो, आणि अप्रामाणिकपणावर एनएमसीच्या सुनावण्यांत नर्सेसची नावं रजिस्टरवरून काढलीही जातात. आरसीएन किंवा युनिसन या कर्मचारी संघटनांचं सभासदत्व असेल तर निवेदन लिहून देण्याआधी प्रतिनिधीशी बोलून घ्यावं.

[दृश्य: टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. एकावर व्हिसाची माहिती, दुसऱ्यावर रजेचा अर्ज.]

निवेदन:
भारतीय नर्ससाठी खरी अडचण इथं सुरू होते. स्थानिक इंग्रज नर्सला जो सल्ला मिळतो, तोच तिलाही दिला जातो, आणि तो तिला लागू पडत नाही.

रीॲडमिशनला साधारण दोन ते सहा आठवडे धरून चालावं. तोवर ट्रस्ट दोन पर्याय पुढे ठेवतो. बिनपगारी रजा, नाहीतर खालच्या बँडवर, म्हणजे खालच्या पगारश्रेणीत, हेल्थकेअर असिस्टंटचं काम. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या माणसाची बिनपगारी गैरहजेरी एका कॅलेंडर वर्षात एकूण चार आठवड्यांच्या वर गेली, तर काही ठरावीक कारणं सोडता स्पॉन्सरला, म्हणजे व्हिसासाठी जामीन राहिलेल्या मालकाला, स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. बाळंतपण आणि आजारपण त्या कारणांत आहे, पिन लॅप्स होणं नाही. म्हणजे एनएमसी सहा आठवडे घेऊ शकतं आणि होम ऑफिस, म्हणजे व्हिसा पाहणारं ब्रिटनचं गृहखातं, चार आठवड्यांवर थांबतं. वर्षाच्या सुरुवातीला गावी जाताना दोन आठवडे बिनपगारी घेतले असतील तर हाताशी उरले दोनच.

म्हणून आधी हक्काची पगारी रजा मागावी. एनएचएसमध्ये नव्यानं लागलेल्याला वर्षाला २७ दिवस आणि वर बँक हॉलिडे मिळतात. शिल्लक असतील ते दिवस या चार आठवड्यांत धरले जात नाहीत. हेल्थकेअर असिस्टंटचं काम वरवर सोपं वाटतं, पण व्हिसा नर्सच्या कामासाठी आणि ठरलेल्या पगारासाठी दिलेला असतो. काम आणि पगार बदलला तर स्पॉन्सरला कळवावं लागतं, आणि कधी नवा अर्जच लागतो. वॉर्ड मॅनेजरला हे माहीत असेलच असं नाही. बदलाच्या कागदावर सही करण्याआधी एचआरमध्ये स्पॉन्सरशिप पाहणाऱ्या माणसाकडून लेखी उत्तर घ्यावं. तोंडी ‘होईल गं’ वर विसंबू नये.

[दृश्य: एनएमसीचं ऑनलाइन खातं. अर्जाचे रकाने एकामागून एक.]

निवेदन:
रीॲडमिशनचा अर्ज त्याच दिवशी सुरू करावा. ऑनलाइन खात्याचा पासवर्ड जुन्या ईमेलवर अडकला असेल तर आधी तो सोडवावा लागतो. यात दोन दिवस सहज जातात, तेव्हा फोन करूनच सोडवलेला बरा. मग गेल्या तीन वर्षांतले ४५० तास आणि ३५ तासांचं शिक्षण, तब्येतीबद्दल आणि चारित्र्याबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र, आपल्याला ओळखणाऱ्या रजिस्टर्ड व्यक्तीचा दुजोरा, आणि फी. लॅप्स असताना केलेले तास ४५० मध्ये धरता येत नाहीत. पूर्णवेळ नर्सला त्याचं काही वाटत नाही, पण दोन बाळंतपणं आणि अर्धवेळ काम झालेल्या नर्सचा हिशेब तिथंच काठावर येतो. तास कमी पडले तर पुन्हा ट्रेनिंग किंवा परीक्षा.

अर्ज अडकतो तो बहुधा दुजोऱ्यापाशी. ज्यांचा ईमेल दिला ते रजेवर असतात, नाहीतर एनएमसीचा मेल त्यांच्या स्पॅममध्ये पडून राहतो. अर्ज पाठवला की त्या व्यक्तीला फोन करून मेल आला का, ते विचारावं.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं पाच वर्षांचं नूतनीकरण ही या सगळ्यापासून वेगळी गोष्ट. ब्रिटनचा पिन त्यावर चालत नाही. मात्र पुढे ऑस्ट्रेलियाला किंवा आयर्लंडला जायचं ठरलं तर तिथली कौन्सिलं मूळ कौन्सिलकडून पडताळणी मागतात आणि मग बंद पडलेलं नूतनीकरण मुंबईत हेलपाटे घालायला लावतं.

[दृश्य: सकाळ. वॉर्डचं दार. मोबाइलवर तेच रजिस्टरचं पान, आता भरलेल्या नोंदीसह.]

निवेदन:
‘अर्ज मिळाला’ असा ईमेल आला म्हणून कामावर रुजू होता येत नाही. ‘फी जमा झाली’ म्हणूनही नाही. रजिस्टरवर पिन टाकून नोंद दिसली पाहिजे, तिचा फोटो मॅनेजरकडे गेला पाहिजे, आणि एचआरनं रेकॉर्ड बदलल्याचं कळवलं पाहिजे. पिन जुनाच असेल, मुदतीची तारीख मात्र नवी असेल. जुन्या तारखेवर लावलेला फोनमधला रिमाइंडर त्याच वेळी बदलून टाकावा आणि डायरेक्ट डेबिट नव्यानं लावून घ्यावा, कारण जुना आपोआप पुन्हा सुरू होईल असं धरता येत नाही.