आवणीचे दिवस

(दृश्य : शहापूर तालुका. डोंगराच्या पायथ्याशी भाताची खाचरं.)

मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत, तरी इथलं बहुतेक भात आजही आभाळाच्या पाण्यावरच पिकतं. त्यामुळे घरधन्याचं सगळं लक्ष असतं ते वेळ साधण्याकडे.

उन्हाळ्यातच राबाची तयारी होते. रोपांच्या जागेवर शेण, टाहाळ म्हणजे तोडलेल्या फांद्या, पातेरा म्हणजे पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग सावकाश सरकते. वरच्या थरातलं तणाचं बी जळून जातं. एकरभर आवणीला, म्हणजे रोपांच्या लावणीला, साधारण चार गुंठे रोपवाटिका आणि पंधरा किलो बियाणं पुरतं. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडलं की पोचट दाणे वर तरंगतात. ते काढून टाकायचे. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं.

(दृश्य : चिखलणी.)

खरी कसोटी जुलैत लागते. रोपं एकवीस ते पंचवीस दिवसांची झाली की लावायलाच हवीत. पावसाने ओढ दिली की चिखल होत नाही, रोपं निबर होतात आणि अशा रोपांना नंतर फुटवे कमी येतात. उशिराचा हा फटका खताने भरून निघत नाही. म्हणूनच पाऊस आला की घरातलं प्रत्येक माणूस खाचरात उतरतं, अगदी भिवंडीच्या गोदामात कामाला जाणारा मुलगासुद्धा. एका ठिकाणी दोन-तीन रोपं, तीही उथळ लावायची. खोल गेली तर फुटवे उशिरा येतात. लावण्याआधी पातीचे शेंडे खुडले तर खोडकिड्याची बरीच अंडी तिथेच निघून जातात. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. नाहीतर पुढे दाणा न भरलेल्या पांढऱ्या लोंब्या, म्हणजे पळिंज, पाहायची वेळ येते.

युरिया विस्कटून टाकला तर मोठ्या सरीबरोबर तो खालच्या खाचरात वाहून जातो. त्यापेक्षा चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल युरियाची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, खोचलेली बरी. हाताला काम जास्त, पण खत मुळाशी राहतं. बांधाची फेरी तर रोजचीच. खेकड्याने एक भोक पाडलं तरी रात्रीत खाचर रिकामं होतं, म्हणून खांद्यावर फावडं घेऊनच बाहेर पडायचं आणि भोक दिसलं की तिथल्या तिथे चिखलाने दाबून बुजवायचं.

(दृश्य : कापणी.)

ऑक्टोबरात परतीचा पाऊस उभं भात लोळवतो. पाण्यात पडलेल्या लोंबीला कोंब फुटतात. म्हणून सगळं रान एकाच वाणाचं ठेवण्यात धोका आहे. उंच, लवकर कोरड्या पडणाऱ्या जागी हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात आणि खोलगट, पाणी धरणाऱ्या जागी गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, ही जुनी वाटणी आजही शहाणपणाची आहे. कापणी जमिनीलगत करायची, कारण खोडकिड्याची अळी धसकटात दडून राहते. मग झोडणी, पेंढ्याची उडवी आणि जमिनीतली ओल उडायच्या आत वालाची पेरणी. भात घरात खायला आणि वालाचे चार पैसे हाताशी!