कुकरची शिट्टी आणि विज्ञानलेखाचं वजन

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात १९२८ साली ‘सृष्टिज्ञान’ मासिक सुरू झालं. १९६६मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि पुढे तिची पत्रिका निघू लागली. अशा मासिकांत लिहिता लिहिता विज्ञानलेखाची एक रीत घडत गेली. वाचकाला घरी बसून पडताळता येईल असा एक तरी आकडा लेखात असावा, ही तिच्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

प्रेशर कुकरचंच घ्या. ‘दाबामुळे अन्न लवकर शिजतं’ एवढ्यावर भागत नाही. शिट्टीखालच्या नळीचं भोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरा. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.०७ चौरस सेंटिमीटर. बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला १ किलो जादा दाब रोखून धरायचा, तर शिट्टी साधारण ७० ग्रॅमची हवी. घरची शिट्टी काट्यावर ठेवा, भोक मोजा आणि हिशेब करून पाहा. या दाबाला पाणी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. एकूण दाब जवळपास दुप्पट झाला, तापमान मात्र वीसच अंशांनी चढलं. पण शिजण्याचा वेळ झपाट्याने कमी व्हायला तेवढं पुरतं.

मग महाबळेश्वर आठवतं. तिथे उंचीमुळे हवेचा दाब कमी, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी सुमारे साडेपंचाण्णव अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये मात्र समुद्रकाठच्या तुलनेत सुमारे अडीच अंशांचाच फरक पडतो. हा हिशेब मांडला की थंड हवेच्या ठिकाणी कुकर का हवा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

डाळ निम्म्याच्या वर भरू नये, याचं कारणही लेखात यायलाच हवं. फेस आणि सालं नळीत अडकतात, वाफेची वाट बंद होते, दाब आणि तापमान दोन्ही वाढत जातात. अखेर सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो आणि वाफ सुटते. तिथे भलताच व्हॉल्व्ह बसवला, तर हा शेवटचा आधारही जातो.

चुका बहुधा एककांत होतात. किलोवॅट ही वीज वापरण्याची गती. बिलावरचं युनिट म्हणजे किलोवॅट-तास. २ किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट. ‘ताशी २ किलोवॅट वीज लागते’ असं छापून गेलं की पुढचा सगळा हिशेब कोसळतो. फॅरनहाइटची गंमत आणखी वेगळी. तापमान ९ अंश फॅरनहाइटने वाढलं, म्हणजे ५ अंश सेल्सिअसने वाढलं. इथे ३२ वजा करायचे नसतात. सवयीने केले, तर वाढीच्या जागी उणे १२.८ येतं!

आणि आकृती. ती छपाईच्या दुप्पट आकारात काढायची, म्हणजे छापताना लहान केली की हाताचा कंप निम्मा होतो. पण अक्षरंही निम्मी होतात. मूळ चित्रात ४ मिलिमीटरचं अक्षर घेतलं, तर पानावर २ मिलिमीटर उरतं. त्याहून लहान घेतलं, तर काना-मात्रा शाईत बुजतात. म्हणून भागांची नावं चित्राबाहेर ठेवून बाण आत न्यावेत.